मिसिंग करणारी आणि मध्येच बंद पडणारी पेट्रोल गाडी: पार्ट बदलण्याआधी दोष कसा शोधावा

पेट्रोल गाडी झटके मारू लागली किंवा चौकात वेग कमी करताच बंद पडू लागली, की बऱ्याचदा पार्ट बदलण्याचा एक ठरलेला क्रम सुरू होतो. आधी प्लग बदलले जातात, मग प्लगला ठिणगीचे व्होल्टेज देणारी कॉइल, मग टाकीतला पंप, आणि एवढे करूनही गाडी तशीच राहिली तर ईसीएम (इंजिन चालवणारा संगणक) खराब असल्याचे सांगितले जाते. मराठवाड्यात तालुक्याच्या गावी राहणाऱ्या वाहनधारकाला ही पद्धत विशेष महागात पडते, कारण पार्ट छत्रपती संभाजीनगर, लातूर किंवा नांदेडहून मागवावा लागतो आणि एकदा बसवलेला इलेक्ट्रिक पार्ट दुकानदार सहसा परत घेत नाही. म्हणून या लेखात एकच आग्रह आहे: ज्या पार्टचा दोष चाचणीने सिद्ध झालेला नाही, तो पार्ट बदलू नये. ही चाचणी कोणत्या क्रमाने करावी, ते पुढे दिले आहे. डिझेल गाडीत ठिणगीच नसल्यामुळे तिची तपासणी वेगळ्या वाटेने जाते; हे विवेचन पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांपुरतेच आहे.

प्रत्येक सिलिंडरला योग्य प्रमाणात हवा आणि इंधन, योग्य क्षणी ठिणगी आणि पुरेसे कॉम्प्रेशन (मिश्रण दाबले जाणे) लागते. यांपैकी एकही कमी पडले की त्या सिलिंडरमधले मिश्रण जळत नाही, आणि त्यालाच आपण मिसिंग म्हणतो. चार सिलिंडरच्या इंजिनात एकच सिलिंडर निकामी झाला, तर गाडी थरथरते, पिकअप घेत नाही, पेट्रोल जास्त पिते. पण ती चालू राहते. इंजिन पूर्ण बंद पडत असेल, तर सहसा सगळ्या सिलिंडरना सामाईक असलेली एखादी गोष्ट तुटत असते: पेट्रोलचा दाब, इंजिनचे फिरणे ओळखणाऱ्या क्रँक सेन्सरचा सिग्नल, थ्रॉटलमधून (हवेच्या झडपेतून) येणारी हवा, ईसीएमचा वीजपुरवठा किंवा अर्थिंग. त्यामुळे तपासणीच्या सुरुवातीलाच दोन प्रश्नांची उत्तरे मिळवावीत. दोष एका सिलिंडरचा आहे की सगळ्यांचा? आणि तो नेमका कोणत्या परिस्थितीत येतो?

आधी वही, मग पाना

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर गाडी रोज चालवणाऱ्याकडेच असते, मेकॅनिककडे नसते. म्हणून काही दिवस गाडीत वही ठेवून प्रत्येक वेळची परिस्थिती लिहून काढावी: इंजिन थंड होते की गरम, टाकीत पेट्रोल किती होते, एसी चालू होता का, वेग किती होता, चढ होता की सपाट रस्ता, पाऊस होता का, आदल्या दिवशी गाडी धुतली होती का, बंद पडल्यावर लगेच सुरू झाली की वाट पाहावी लागली.

या नोंदींवरूनच निम्मी दिशा ठरते. मांजरसुंब्याच्या घाटात तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबल्यावरच झटके येत असतील, तर दुबळी कॉइल, प्लगची वाढलेली गॅप किंवा कमी पडणारा पेट्रोलचा दाब यांचा संशय घ्यावा, कारण भार वाढला की सिलिंडरमधला दाब वाढतो आणि त्या दाबात ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागते. सिग्नलजवळ क्लच दाबल्यावर किंवा एसी लावल्यावर गाडी बंद पडत असेल, तर थ्रॉटल बॉडीतला कार्बन आधी पाहावा. ब्रेक दाबताच रेस (इंजिनचा वेग) बदलत असेल, तर ब्रेक हलका करणाऱ्या ब्रेक बूस्टरच्या पडद्यातून हवा गळत असण्याची शक्यता असते. सुरू होऊन एक-दोन सेकंदांत बंद पडत असेल आणि मीटरवर चावीचे चिन्ह लुकलुकत असेल, तर इंजिन खोलण्याचे कारण नाही. इमोबिलायझर, म्हणजे चोरीविरोधी यंत्रणा, चावी ओळखत नाही. तासभर चालल्यावर, दुपारच्या उन्हात बंद पडून, गार झाल्यावर आपोआप सुरू होणारी गाडी हा वेगळाच प्रकार आहे आणि त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिले आहे.

इथे एक इशारा आवश्यक आहे. चेक इंजिनचा दिवा स्थिर न राहता लुकलुकत असेल, तर मिसिंग इतके तीव्र असते की न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर शुद्ध करणाऱ्या भागात) जाऊन जळते आणि तो लालबुंद होऊ शकतो. अशा वेळी पाय हलका करून गाडी बाजूला घ्यावी; मात्र ती वाळलेल्या गवतावर किंवा उसाच्या पाचटावर कधीही उभी करू नये. चालत्या गाडीचे इंजिन बंद पडले तर स्टिअरिंग जड होते आणि ब्रेकचा व्हॅक्यूम एक-दोन वेळाच साथ देतो. म्हणून ब्रेक पुन्हा पुन्हा न पंपता एकदाच घट्ट दाबून धरावा.

स्कॅनर काय सांगतो आणि काय सांगत नाही

एप्रिल २०१३ पासून बीएस-४ गाड्यांमध्ये ओबीडी-२, म्हणजे दोष स्वतः ओळखून त्याचा कोड साठवणारी प्रणाली, आली. त्यानंतरच्या गाडीत स्टिअरिंगखाली सोळा पिनांचे सॉकेट असते आणि ब्लूटूथचे साधे अडॅप्टर लावून मोबाइलवरही कोड वाचता येतात. कोड पुसण्याआधी ते लिहून घ्यावेत आणि त्यासोबतचा फ्रीझ फ्रेम, म्हणजे दोष आला त्या क्षणीचे तापमान, आरपीएम आणि भार, हाही नोंदवावा. बॅटरीची तार काढल्यास ही माहिती नष्ट होऊ शकते, म्हणून तपासणीची सुरुवात बॅटरी काढून करू नये.

पी०३०१ ते पी०३०४ हे कोड अनुक्रमे पहिल्या ते चौथ्या सिलिंडरचे मिसिंग दाखवतात, तर पी०३०० म्हणजे मिसिंग एका सिलिंडरपुरते मर्यादित नाही. पी०३३५ क्रँक सेन्सरच्या, पी०३४० कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा शाफ्ट) सेन्सरच्या आणि पी०३५१ पासूनचे कोड कॉइलच्या सर्किटबद्दल असतात. पी०१७१ म्हणजे मिश्रण पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी) आहे, असे ईसीएमला वाटते. ‘वाटते’ हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे. ठिणगी न पडल्यामुळे सिलिंडर मिसिंग करतो, तेव्हा त्यातला न वापरलेला ऑक्सिजन थेट सायलेन्सरमध्ये जातो, ऑक्सिजन सेन्सर त्यालाच पातळ मिश्रण समजतो आणि ईसीएम पेट्रोल वाढवते. म्हणजे पी०३०२ आणि पी०१७१ एकत्र आले असतील, तर दुसरा कोड हा पहिल्याचा परिणाम असू शकतो, आणि त्यावरून ऑक्सिजन सेन्सर बदलणे हा फुकटचा खर्च ठरतो. तसेच ईसीएम मिसिंग ओळखते ते क्रँकशाफ्टच्या गतीतल्या बारीक चढउतारांवरून. काही गाड्यांत अत्यंत खडबडीत रस्त्याचे हादरे चाकांतून मागे येतात आणि खोटी मिसिंग मोजली जाते. शेतरस्त्यावरच कोड येत असेल आणि डांबरी रस्त्यावर गाडी निर्दोष चालत असेल, तर हे ध्यानात ठेवावे. कोड फक्त दिशा दाखवतो; त्या दिशेला नेमका कोणता पार्ट बिघडला आहे, हे तपासूनच ठरवावे लागते.

पाच मिनिटांत उरकणारी पाहणी

इंजिन बंद असताना बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास आणि चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दाखवली पाहिजे. बॅटरीच्या टर्मिनलवरची पांढरी बुरशी साफ करावी. यानंतर एक चाचणी अवश्य करावी, कारण ती फार क्वचित केली जाते: मल्टिमीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलला आणि दुसरी थेट इंजिन ब्लॉकच्या उघड्या धातूला लावून दुसऱ्या माणसाला स्टार्टर मारायला सांगावे. मीटर अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवत असेल, तर अर्थिंगची पट्टी गंजलेली किंवा ढिली आहे. अशा गाडीत एकाच वेळी अनेक सेन्सरचे असंबद्ध कोड येतात आणि शेवटी निष्पाप ईसीएम बदलले जाते.

मग टॉर्च घेऊन वायरिंग पाहावे. कापूस, सोयाबीन किंवा धान्य साठवलेल्या घराजवळ, गोदामाशेजारी गाडी उभी राहत असेल, तर उंदीर पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरची, ऑक्सिजन सेन्सरची आणि कॉइलची तार कुरतडतात. सुगीनंतर शेत मोकळे झाले की हा त्रास वाढतो. तार पूर्ण न तुटता नुसते प्लास्टिक खाल्लेले असेल, तर दोष फक्त हादऱ्यावर किंवा ओलाव्यात येतो. इंजिन चालू ठेवून, फिरत्या पट्ट्यापासून आणि पंख्यापासून हात दूर ठेवून, वायरिंगचा एकेक भाग हळूच हलवावा. ज्या जागी हलवल्यावर रेस बदलते, तीच जागा उघडून पाहावी.

वॉशिंग सेंटरवर इंजिनावर दाबाने पाणी मारल्यानंतर मिसिंग सुरू झाले असेल, तर प्लगच्या खोबणीत पाणी साचलेले असते. कॉइल काढून कोरड्या हवेने ती खोबण फुंकून काढली, तर बऱ्याच वेळा काम तेवढ्यावरच भागते.

दोष एका सिलिंडरचा असेल तर

पी०३०२ असा एकच कोड आला, तर सर्वांत विश्वासार्ह चाचणी फुकट होते. इग्निशन बंद करून दुसऱ्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची दुसऱ्यावर बसवावी, कोड पुसावा आणि ज्या परिस्थितीत दोष येत होता त्याच परिस्थितीत गाडी चालवावी. कोड पी०३०३ झाला, तर कॉइल दोषी ठरली. कोड जागचा हलला नाही, तर कॉइल निर्दोष आहे. मग हाच प्रयोग प्लगवर करावा. एका वेळी एकच वस्तू हलवावी. दोन्ही एकदम हलवल्यास निष्कर्ष काढता येत नाही. चालू इंजिनवर कॉइल किंवा तार हाताने उपसून पाहण्याची जुनी सवय सोडून द्यावी. त्यात जोराचा शॉक बसतो आणि कॉइल किंवा ईसीएममधला कॉइल चालवणारा भाग जळू शकतो.

काढलेला प्लग पुष्कळ काही सांगतो. फिकट तपकिरी टोक निरोगी असते. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा हवा कमी, आणि आपल्याकडच्या धुळीत एअर फिल्टर वेळेआधी चोक होतो हे त्याचे एक साधे कारण असते. पेट्रोलने ओला प्लग म्हणजे इंधन आले पण ठिणगी पडली नाही. टोक पांढरेफटक असेल, तर मिश्रण पातळ आहे किंवा त्या सिलिंडरचा इंजेक्टर चोक आहे. तेलकट प्लग रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील झिजल्याचे सांगतो. पांढऱ्या चिनी मातीवर पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली, तर ठिणगी आत पडण्याऐवजी बाहेरून उडत होती. अशा वेळी प्लगसोबत कॉइलचा रबरी बूटही बदलावा, नाहीतर नवा प्लगही लवकरच तसाच होतो. गॅप गाडीच्या पुस्तिकेत दिलेलीच ठेवावी. प्लग शक्यतो थंड इंजिनवर काढावा आणि हाताने आटे बसल्यावरच पाना लावावा, कारण अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमधले आटे गेले तर खर्च प्लगच्या कैक पटींनी वाढतो.

कॉइल आणि प्लग दोन्ही निर्दोष ठरले, तर इंजेक्टर पाहावा. लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक इंजेक्टरवर आणि मूठ कानाशी धरली की टकटक ऐकू येते. एकाचा आवाज नसेल किंवा वेगळा असेल, तर त्याचा रेझिस्टन्स इतरांशी ताडून पाहावा. नेहमीच्या पोर्ट इंजेक्शनच्या गाडीत तो साधारण ११ ते १६ ओहम असतो. डायरेक्ट इंजेक्शनच्या (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या) टर्बो पेट्रोल गाड्यांत मात्र इंधनाचा दाब शंभर बारच्या पुढे जातो. ती लाइन घरी अजिबात उघडू नये.

शेवटी कॉम्प्रेशन तपासावे. इंजिन गरम, सगळे प्लग बाहेर, इंजेक्टरचा पुरवठा तोडलेला आणि अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, अशा स्थितीत प्रत्येक सिलिंडरला सारखेच फेरे द्यावेत. आकड्यापेक्षा सिलिंडरमधला फरक महत्त्वाचा. तो पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त असू नये. कमी असलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजल्यावर आकडा वाढला, तर रिंगा गळत आहेत; वाढला नाही, तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी दाखवत असतील, तर त्यांच्यामधली हेड गॅस्केट गेलेली असण्याची दाट शक्यता असते. रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षे बोअरचे क्षारयुक्त पाणी भरणाऱ्या गाड्यांत आतून चुन्याचा थर बसतो, इंजिन तापते आणि गॅस्केट जाते. सकाळी सुरू केल्यावर पहिले मिनिटभर एकच सिलिंडर मिसिंग करत असेल, पांढरा धूर येत असेल आणि कूलंट हळूहळू कमी होत असेल, तर याचाच विचार करावा.

सीएनजी गाडीत तपासणी सोपी होते, कारण तिच्याकडे दुसरे इंधन असते. फक्त गॅसवर मिसिंग असेल आणि पेट्रोलवर नसेल, तर गॅसचा फिल्टर, रेग्युलेटर आणि गॅस इंजेक्टर पाहावेत. पण दुबळे प्लग आणि कॉइलही आधी गॅसवरच उघडे पडतात, कारण गॅस पेटवायला जास्त व्होल्टेज लागते. दोन्हींवर मिसिंग असेल, तर टॅपेट सेटिंग (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागामधली फट) तपासावे. गॅसवर व्हॉल्व्हच्या बैठका लवकर झिजतात, टॅपेटची गॅप नाहीशी होते आणि गरम इंजिनात व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही.

दोष सगळ्या सिलिंडरचा असेल तर

हवेची गळती, पेट्रोलचा दाब आणि कोंडलेला सायलेन्सर या तीन गोष्टी इथे तपासायच्या असतात. व्हॅक्यूम गेज स्वस्त मिळतो आणि फार उपयोगी पडतो. समुद्रसपाटीला निरोगी इंजिन आयडलिंगला (पाय न दाबता चालू असताना) पाऱ्याचे १७ ते २१ इंच व्हॅक्यूम दाखवते; उंचीच्या दर ३०० मीटरला हा आकडा साधारण एक इंचाने कमी होतो. छत्रपती संभाजीनगर साडेपाचशे मीटरच्या वर असल्यामुळे तिथे १५ ते १९ इंच हे प्रमाण धरावे, अन्यथा चांगल्या इंजिनलाच दोषी ठरवले जाईल. काटा स्थिर पण कमी असेल, तर गळती. ठरावीक लयीत झटका देत असेल, तर व्हॉल्व्ह. आणि रेस धरून ठेवल्यावर हळूहळू उतरत गेला, तर कन्व्हर्टर चोक झाला आहे.

गळती शोधताना गरम इंजिनावर पेट्रोल किंवा ज्वालाग्राही स्प्रे मारण्याची पद्धत मला अजिबात मान्य नाही. धुराचे मशीन सर्वोत्तम. ते नसेल तर साध्या पाण्याचा बारीक फवारा, वीजजोडण्यांपासून दूर ठेवून, मॅनिफोल्डच्या (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांच्या) सांध्यांवर आणि इंजिनच्या पोटातली वाफ परत नेणाऱ्या पीसीव्ही नळीवर मारावा. पाणी आत खेचले गेले की रेस क्षणभर बदलते. स्कॅनरवर फ्युएल ट्रिमही, म्हणजे ईसीएम पेट्रोल किती टक्के वाढवते वा घटवते तो आकडाही, पाहावा. आत येणारी हवा मोजणारा एअर फ्लो सेन्सर असलेल्या गाडीत आयडलिंगला ट्रिम खूप वाढलेला आणि २५०० आरपीएमला सुधारलेला दिसला, तर हवा गळते आहे. भार पडल्यावर वाढत असेल, तर पेट्रोल कमी पडते आहे. मात्र आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा मॅप सेन्सर असतो. त्यात गळती झाली तरी ईसीएम वाढलेल्या दाबाप्रमाणे पेट्रोलही वाढवते, म्हणून ट्रिमपेक्षा चढलेली रेस हे गळतीचे अधिक खरे लक्षण ठरते.

पेट्रोलचा दाब गेज लावूनच मोजावा. चावी फिरवल्यावर मागून दोन सेकंद घुमण्याचा आवाज आला, म्हणजे पंप फिरतो एवढेच कळते. दाब पुरेसा आहे हे कळत नाही. बऱ्याच गाड्यांत तो ३ ते ४ बार असतो. नेमका आकडा पुस्तिकेत पाहावा. लाइन उघडण्याआधी पंपाचा रिले काढून इंजिन आपोआप बंद होईपर्यंत चालवावे, म्हणजे दाब उतरतो. जवळ आग विझवण्याचे साधन ठेवावे.

पेट्रोल भरल्यानंतर लगेच त्रास सुरू झाला असेल, तर थोडे पेट्रोल काचेच्या पारदर्शक बाटलीत काढून स्थिर ठेवावे. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल पाणी शोषून घेते. पाणी मर्यादेपलीकडे गेले की इथेनॉल आणि पाणी मिळून वेगळा थर तळाशी बसतो. पंपाची नळी टाकीच्या तळातूनच ओढते, त्यामुळे पावसाळ्यात अशी गाडी काही अंतरावरच बंद पडते. तळाशी थर दिसला, तर टाकी रिकामी करण्याला पर्याय नाही.

थ्रॉटल बॉडी साफ करताना इग्निशन बंद ठेवावे, इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची चकती बोटाने जोरात ढकलू नये आणि साफ केल्यावर स्कॅनरने ईसीएमला आयडल (पाय काढल्यावरची रेस) पुन्हा शिकवावे. हे शेवटचे न केल्यास साफ केलेली गाडी आधीपेक्षा जास्त बंद पडते आणि मालकाला वाटते की नवा बिघाड झाला.

गरम झाल्यावर बंद पडणारी गाडी

हा सर्वांत चकवणारा दोष आहे, कारण टोइंगने गॅरेजमध्ये पोहोचेपर्यंत गाडी गार होते आणि व्यवस्थित सुरू होते. मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा ४२ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा बॉनेटखालचे सेन्सर आणि टाकीतला पंप दोन्ही आपल्या मर्यादेजवळ काम करत असतात. पंप भोवतालच्या पेट्रोलनेच थंड राहतो, म्हणून उन्हाळ्यात टाकी सतत रिझर्व्हवर ठेवणे त्याच्या आयुष्यावर उठते.

दोष पकडायचा तो गाडी बंद पडलेली असतानाच. म्हणून स्कॅनर लावूनच, शक्य असेल तर फ्युएल गेज बॉनेटबाहेर काचेवर बांधून, दुपारी गाडी चालवावी. बंद पडताच घाईने पुन्हा पुन्हा स्टार्टर न मारता चार गोष्टी पाहाव्यात. पहिली, टाकीचे झाकण उघडताना हवा जोरात आत खेचली गेली आणि गाडी लगेच सुरू झाली, तर टाकीची हवेची वाट धुळीने बुजली आहे. दुसरी, स्टार्टर मारताना स्कॅनरवर आरपीएम शून्यच राहिला, तर क्रँक सेन्सरचा सिग्नल येत नाही. तिसरी, आरपीएम दिसतो पण दाब पडलेला आहे, तर पंप, त्याचा रिले आणि पंपापर्यंत पोहोचणारे व्होल्टेज तपासावे. पंपापाशी व्होल्टेज बॅटरीपेक्षा बरेच कमी असेल, तर दोष पंपाचा नसून जोडणीचा आहे. चौथी, दोन्ही ठीक असतील, तर ठिणगी टेस्टरने पाहावी. तीही नसेल, तर ईसीएमचा मुख्य रिले आणि कॉइलचा सामाईक पुरवठा मोजावा.

आरपीएम शून्य असेल, तर नवा सेन्सर मागवण्याआधी त्याचा कनेक्टर काढून गंज, तेल आणि ढिल्या पिना पाहाव्यात. मग फक्त तेवढ्या सेन्सरवर कोरडी थंड हवा मारावी. बाकी इंजिन गरम असतानाच सिग्नल परत आला, तर सेन्सरचा दोष सिद्ध झाला.

दुरुस्तीनंतर

ज्या परिस्थितीत दोष येत होता, त्याच परिस्थितीत गाडी पुन्हा चालवावी. दुपारी बंद पडणारी गाडी संध्याकाळी चालवून ताब्यात घेऊ नये. चढावर झटके मारणारी गाडी गावातल्या सपाट रस्त्यावर फिरवून निकाल देऊ नये. कोड पुसल्यावर ईसीएमच्या स्वतःच्या चाचण्या पूर्ण व्हायला थोडे अंतर लागते, म्हणून स्कॅनरवर मिसिंगचा मॉनिटर पूर्ण झालेला आणि प्रलंबित कोडची यादी रिकामी आहे ना, हे पाहावे. मिसिंग बराच काळ चालले असेल, तर इंजिन ऑइलची काडी काढून वास घ्यावा. ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल, तर ते पातळ झालेले असते आणि ऑइल व फिल्टर मुदतीची वाट न पाहता बदलावेत. बदललेल्या पार्टचे नाव, किलोमीटर आणि कोणत्या चाचणीवरून तो बदलला, हे त्याच वहीत लिहून ठेवावे, म्हणजे पुढच्या मेकॅनिकला तपासणी शून्यापासून सुरू करावी लागणार नाही.